ताईंची फाईल

सांगलीत सोनोग्राफी सेंटर चालवायला लागून एकोणीस वर्षं झाली. लिव्हर ट्रान्सप्लांटचे पेशंट आता अधूनमधून येतात. ऑपरेशन पुण्या-मुंबईला, पुढची तपासणी इथं. परवा ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. सिरॉसिस झालेला, म्हणजे लिव्हर घट्ट होऊन निकामी झालेलं, चौदा महिन्यांपूर्वी बायकोनं लिव्हर दिलेलं. आठ दिवसांपासून अंगाला खाज, लघवी गडद पिवळी.

रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला. धमनीचा आवाज खणखणीत, आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी पोर्टल व्हेनही मोकळी. पण लिव्हरमधल्या पित्तनलिका फुगलेल्या. जिवंत दात्याच्या लिव्हरची ही जुनी दुखरी जागा. चार-दोन मिलिमीटरच्या नळ्या एकमेकींना शिवायच्या, आणि तो जोड पुढं कधीतरी आकसतो. बहुतेकदा दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून निभावतं. त्यांच्या सर्जनना फोन केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. चांगल्या सेंटरला वर्षानंतर दहातले जवळपास नऊजण हयात असतात, हे खरंच. त्या नवांतले काही असे खाजवत येतात, हे त्या आकड्यात कुठं दिसतं?

लिव्हर देणाऱ्या ताई कोपऱ्यात पिशवी धरून उभ्या होत्या.

"तुमची सोनोग्राफी कधी झाली?"

"मला काय धाड भरलीया? तीन महिन्यांनी एकदा केलेली, तीच."

पैसे नकोत म्हटल्यावर टेबलावर झोपल्या. पोटावर उलट्या एलसारखा व्रण, टोकाला जरा जाडसर. उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवला, तर लिव्हरच्या जागी आतडं. पित्ताशय नाही, उजवा भाग काढताना तेही काढतात. लिव्हर सापडलं मध्यावर, गोलसर, गुबगुबीत. देताना जेमतेम पस्तीस टक्के उरलं होतं.

"वाढलंय का ओ?"

"वाढलंय की. जवळजवळ पहिल्याइतकं."

"म्हंजे छाटणीगत. छाटलं की फुटतंय."

"तसं नाही ताई. कापलेल्या जागी काही फुटत नाही. उरलेलंच मोठं होतं."

त्यांनी क्षणभर छताकडं बघितलं. "मग ओलांडा गेला त्यो गेलाच. खोड जाड झालं म्हणा."

ओलांडा म्हणजे द्राक्षवेलीची आडवी फांदी. इतकी वर्षं मी हे पेशंटना हातवारे करून समजावतोय.

नवऱ्याची फाईल दोन इंच जाड. शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस औषधाच्या रक्तातल्या लेव्हलचे कागदच पन्नासेक असतील. ताईंचं डिस्चार्ज कार्ड तिच्याच तळाशी दुमडून पडलेलं. उजवा भाग देणाऱ्यांत हजारी दोन ते पाच दगावतात, असा ढोबळ हिशेब सांगतात. कमीच म्हणायचं, पण ते सगळे ऑपरेशन टेबलावर चढताना धडधाकट असतात, याची मला दर वेळी टोचणी लागते.

रिपोर्ट टाईप झाला. नवऱ्यानं सवयीनं स्वतःच्या फाईलला लावायला हात पुढं केला. मी रिसेप्शनवरून कोरी फाईल मागवली आणि वर ताईंचं नाव घातलं. त्यांनी ती पिशवीत, औषधदुकानाच्या बिलांशेजारी सरकवली.

"पुण्याला पहाटेचीच एसटी धरावी लागंल न्हवं?" त्यांनी विचारलं.