जोगातले दोन गंधार

अमरावतीहून तळेगाव, कारंजा, कोंढाळी असा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून एसटीने नागपूरच्या रविनगर चौकात उतरलो, तेव्हा ऊन कलले होते. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांची एकत्र मैफल होती. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या आणि पुढे कोणत्याही एका घराण्यात अडकून न पडलेल्या गायक वसंतरावांच्या नावाच्या वास्तूत हे संगीत ऐकायला मिळणार, याचा मला मनापासून आनंद होता.

पहिल्या दोन रचनांनी निराशा केली. ड्रम्सच्या दणदणाटात तबलजींची बोटे दिसत होती, बोल मात्र कानी पडत नव्हते.

मैफल खरी रंगली ती जोग रागात. जोगमध्ये चढताना शुद्ध गंधार, म्हणजे शुद्ध ‘ग’, लागतो आणि उतरताना कोमल गंधारही येतो. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूज या गानप्रकारातही हे दोन गंधार असेच एकमेकांना खेटून असतात, म्हणून या रागाची निवड मला फार समंजस वाटली. सतारीने कोमल गंधार मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरवत, हळूच षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, आणून ठेवला. सॅक्सोफोनवर मींड सोपी नाही, कारण चाव्यांनी स्वर ठरून गेलेले असतात. पण वादकाने बोटे तशीच ठेवून ओठांचा दाब सैल केला आणि तोच स्वर खाली ओढला. सभागृहातून एकदम ‘वा!’ उमटली. अशाच मींडेसाठी जॅझ आणि भारतीय संगीत एकत्र आणणाऱ्या ‘शक्ती’ या वाद्यमेळाचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारची पट्टी पडद्यांच्या मधे खोलगट कोरून घेतली होती, याची आठवण झाली.

या साऱ्या वेळात पियानोवादक हात मांडीवर ठेवून बसला होता. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या तारेतून, आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. तो तेथे वाजला असता, तर नक्कीच खुपला असता. न वाजवण्याचा हा विवेक मला त्या संध्याकाळी सर्वांत मोलाचा वाटला. द्रुत तीनतालात तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तोच तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली, डबल बासचा खर्ज तिच्याबरोबर तंतोतंत पडला आणि तेव्हाच पियानोवादकाने हात उचलले. त्याने फक्त षड्ज आणि पंचम, म्हणजे ‘सा’ आणि ‘प’, वाजवले. गंधार सतारीकडेच राहू दिला.