८० वर हिरवा दिवा, ४४३ वर सेगफॉल्ट

उबुंटू २०.०४ या लिनक्स आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून अंधेरीतल्या एका क्लायंटचे चार वेब सर्व्हर २२.०४ वर न्यायचे होते. शनिवारी रात्री एकला पहिला सर्व्हर लोड बॅलन्सरमधून (येणारी ट्रॅफिक सर्व्हरांमध्ये वाटणारा) काढला, स्नॅपशॉट (मशीनची जशीच्या तशी प्रत) घेतला आणि डू-रिलीज-अपग्रेड ही अपग्रेडची कमांड चालवली. पावणेतीनला मशीन नव्या कर्नलवर उभं राहिलं. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची कॉन्फिगटेस्ट (सेटिंग्जची तपासणी) 'सिंटॅक्स ओके' म्हणाली, बॅलन्सरवर हिरवा दिवा लागला, सर्व्हर परत रांगेत घेतला. पाच मिनिटांत फोन: साइट काहींना उघडते, काहींना नाही.

"सर, सर्व्हिस तर रनिंग दाखवतेय," बरोबरचा मुलगा म्हणाला. दाखवणारच. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत मुख्य प्रोसेस फक्त चाइल्ड, म्हणजे विनंत्यांना उत्तर देणाऱ्या उप-प्रोसेस, सांभाळते. एक मेलं की दुसरं उभं करते. सर्व्हिसेसवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिमडीला मुख्य प्रोसेस जिवंत दिसते, तेवढं पुरतं. एरर लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ तीच: चाइल्ड प्रोसेस संपली, सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट (सेगफॉल्ट), म्हणजे मेमरीत भलत्या जागी हात घातल्याने मारली गेली.

पहिला संशय साइटची भाषा पीएचपीवर, कारण ७.४ वरून थेट ८.१. पण जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं एक्स्टेन्शन पीएचपी दारातच अडवतं. ७.४ चा एपीआय क्रमांक २०१९०९०२, ८.१ चा २०२१०९०२. जुळले नाहीत तर स्वच्छ वॉर्निंग येतं. तसं काही नव्हतं. तरी पीएचपी मॉड्यूल बंद करून नुसता लोगो मागवला. पोर्ट ८० वर (साधं एचटीटीपी) लगेच आला. ४४३ वर (एचटीटीपीएस) कर्ल या कमांडने एरर ३५ दिली: क्लायंट हॅलो (सुरक्षित कनेक्शनचा पहिला संदेश) गेला आणि समोरून कनेक्शन तुटलं. आमच्याकडे एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, सर्व्हरवरच उघडतं आणि बॅलन्सरची तपासणी ८० वर लावलेली. हिरव्या दिव्याचा उलगडा तिथेच झाला.

डीमेसेजमधली (कर्नलचा लॉग) ओळ सांगत होती की फॉल्ट लिबएसएसएल ३ मध्ये (ओपनएसएसएल ३ ची एन्क्रिप्शन लायब्ररी), एरर ४. म्हणजे मॅप नसलेल्या पत्त्यावर वाचायचा प्रयत्न. इथे माणूस फसतो, कारण जी लायब्ररी कोसळली तीच दोषी वाटते. मी एका चाइल्डची प्रॉकमधली मॅप्स फाइल (प्रोसेसमध्ये काय लोड झालंय त्याची यादी) उघडून त्यात 'लिबएसएसएल' शोधलं. एकाच प्रोसेसमध्ये १.१ आणि ३, दोन्ही लोड झालेल्या.

२२.०४ मध्ये १.१ येतच नाही. अपग्रेडच्या शेवटी कालबाह्य पॅकेजेस काढायची का, असं विचारलं तेव्हा आम्ही 'नाही' दाबलं होतं, म्हणून ती मागे राहिली. ती वापरतंय कोण? अपाचेच्या मॉड्यूल्स फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर एलडीडी (फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते सांगणारी कमांड) चालवलं. टीएलएसची (एसएसएलचं आजचं रूप) आवृत्ती लॉग करणारं एक मॉड्यूल निघालं, काही वर्षांपूर्वी अपाचेच्या एपीएक्सएस टूलने हाताने बांधलेलं. पॅकेज मॅनेजर डीपीकेजीला त्याचा पत्ताच नाही, त्यामुळे अपग्रेडने त्याला हात लावला नाही. २.४ मालिकेत मॉड्यूलचा मुख्य मॅजिक नंबर (सुसंगती तपासायचा आकडा) बदललेला नाही, म्हणून अपाचेनेही बिनतक्रार आत घेतलं.

हँडशेकच्या, म्हणजे सुरक्षित कनेक्शन जुळवण्याच्या, आधी अपाचेचं मॉड-एसएसएल प्रत्येक कनेक्शनचं स्ट्रक्चर या मॉड्यूलच्या हातात देतं. ते बनवलेलं ओपनएसएसएल ३ ने. मॉड्यूल त्यात आपला कॉलबॅक (नंतर बोलावायचं फंक्शन) नोंदवतं १.१ च्या फंक्शनने. दोन आवृत्त्यांत आतली मांडणी वेगळी. चाळीतल्या खोली नंबरावर नव्या टॉवरमध्ये पार्सल टाकावं तसा कॉलबॅकचा पत्ता भलत्याच फील्डवर लिहिला गेला, आणि पुढे ३ ने ते फील्ड वाचलं की चाइल्ड मेलं.

१.१ वेळीच काढली असती तर हे मॉड्यूल लोडच झालं नसतं. 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही' असं सांगून अपाचेने सुरू व्हायलाच नकार दिला असता, आणि तो सर्व्हर ग्राहकांपर्यंत पोचला नसता. रोलबॅकसाठी स्नॅपशॉट होता. जुनी लायब्ररी ठेवून काहीच साधलं नाही.

मॉड्यूल बंद केलं, ग्रेसफुल (मुख्य प्रोसेस चालू ठेवून) न करता पूर्ण रीस्टार्ट दिला. चार वाजून दहा मिनिटांनी ४४३ वर लोगो आला. मॉड्यूल नव्याने बांधायची गरजही पडली नाही: लॉगफॉर्मॅटमध्ये एसएसएल प्रोटोकॉलचा व्हेरिएबल टाकला की मॉड-एसएसएल तीच माहिती देतं.

उरलेल्या तिघांवर आधी प्रत्येक मॉड्यूल फाइलवर डीपीकेजी-एस चालवलं आणि जी कुठल्याच पॅकेजची नव्हती ती बाजूला काढली. अपग्रेडनंतर एपीटी लिस्टला '~ओ' पॅटर्न देऊन कालबाह्य पॅकेजेस शोधली, काढली. बॅलन्सरची तपासणी आता ४४३ वर, पूर्ण हँडशेकसह होते.