स्पेक्ट्रम सुरू झाला, पण टीव्हीवर रंग काही येईना

रास्पबेरी पाय 3 या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर चालवणं अजिबात अवघड नाही. मेमरी कार्डवर रेट्रोपाय हे जुन्या गेमांसाठीचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात फ्यूज नावाचा इम्युलेटर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) घेतला, की 1982 सालचा 48 के मेमरीचा कॉम्प्युटर तुमच्या घरात. रॉम, म्हणजे त्या मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, तीही शोधावी लागत नाही. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा 1986 मध्ये विकत घेतलेल्या ॲमस्ट्रॅडने ती इम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिलेली आहे. मधे लाईन जाऊनही हे सगळं एका संध्याकाळीच उरकलं.

अडलं ते टीव्हीपाशी. मला जुना डब्बा टीव्हीच हवा होता, आणि त्याला कारण आहे. स्पेक्ट्रम सेकंदाला 50 चित्रं काढतो, आपले जुने पाल पद्धतीचे (आपल्याकडच्या रंगीत सिग्नलचे) टीव्हीही 50 हर्ट्झचेच, म्हणजे सेकंदाला 50 चित्रांचे. नव्या 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर सरकतं चित्र मधूनमधून अडखळतं. एकदा ते नजरेत आलं की खेळण्यात मन लागत नाही.

रास्पबेरी पायच्या हेडफोनच्या जॅकमधूनच टीव्हीचा सिग्नलही निघतो, त्याला तीन काळ्या रेघांची, म्हणजे चार भागांची पिन लागते. तालुक्याच्या दुकानात सांगितलं, "घेऊन जा भाऊ, सेटटॉप बॉक्सचीच वायर. साऱ्या सारख्याच असतात." घरी लावली तर पडदा काळा आणि स्पीकरमध्ये नुसती घरघर. परत न्यायला गेलो तर, "तुमची मशीनच खराब असंन." यवतमाळला तेच. शेवटी नागपूरला सीताबर्डीत गेलो, तिथंही "साऱ्या सारख्याच". पाकिटावर कोणता भाग कशाचा, हे छापायला काय जातं यांचं?

सारख्या नसतात. पायमध्ये टोकापासून क्रम असा: डावा आवाज, उजवा आवाज, अर्थ (म्हणजे ग्राउंड), आणि शेवटी व्हिडिओ. मल्टिमीटर बीपवर (जोडणी असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून पिनचा एकेक भाग दुसऱ्या टोकाच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्याशी तपासा. अर्थ तिसऱ्या भागावर असेल तर वायर कामाची. व्हिडिओ लाल किंवा पांढऱ्यातून निघाला तरी तोच प्लग टीव्हीच्या पिवळ्या भोकात खुपसायचा. अर्थ शेवटच्या भागावर असेल तर वायर परत करा, भांडून का होईना.

चित्र आलं, पण काळंपांढरं! गावातल्या टीव्ही मेकॅनिकनं एक नजर टाकली न् म्हणाला, "काहून टीव्हीले ठोकून रायले भाऊ? ट्यूब चांगली आहे. तुमची मशीन अमेरिकेचा सिग्नल देऊन रायली." खरंच. पाय मुळात एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचा सिग्नल देतो. कार्ड लॅपटॉपला लावून कॉन्फिग डॉट टीएक्सटी (config.txt) ही फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'एसडीटीव्ही_मोड=2' (sdtv_mode=2, म्हणजे पाल) या ओळीपुढची # ही खूण काढा. झाले रंग.

हो, एचडीएमआयची केबल आधी काढायची, नाहीतर या जॅकमधून काही निघणारच नाही.

आता गेम लोड करायला कीबोर्डवरची J ही कळ दाबली की LOAD हा अख्खा शब्द उमटतो, कंट्रोल धरून दोनदा P म्हणजे अवतरणचिन्हं, मग एंटर. कडेला निळे-पिवळे पट्टे धावायला लागतात. घरातले म्हणतात टीव्ही बिघडला. कोपऱ्यात विजेची खूण दिसली तर मात्र खरंच बिघाड समजा: मोबाईलचा चार्जर कमी पडतोय, 5 व्होल्ट अडीच अँपिअरचा घ्या. आणि लोडशेडिंगच्या गावात कार्डाची एक कॉपी काढूनच ठेवा, माझं एक कार्ड लाईननं खाल्लं आहे.