चोरटा म्हणजे चोर का?

मुद्रितं तपासण्याचं काम करते, म्हणून हा प्रश्न मला वरचेवर येतो. ‘तो चोरट्या नजरेने बघत होता’ असं लिहिलं, तर तो चोर ठरतो का हो? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाही ठरत. मात्र ‘चोरट्यांनी दागिने लांबवले’ या बातमीत ठरतो. शब्द नाम म्हणून आला की चोरी झालेली असते. विशेषण म्हणून आला, तर बहुतेक वेळा काहीच चोरीला गेलेलं नसतं (चोरटी वाहतूक सोडा). क्रिकेटमधली चोरटी धाव तर भर मैदानात, हजारोंच्या डोळ्यांदेखत काढतात! क्षेत्ररक्षकाचा हात चेंडूला लागायच्या आत साधून घेतलेली, एवढंच.

माझा भाचा रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन पडतो. दार किरकिरलं की त्याचे डोळे आधी दाराकडे, मग उशीकडे, मग माझ्याकडे. ती नजर चोरटी. उशीखाली सरकवलेला मोबाइल मात्र लपवलेला, त्याला चोरटा म्हणता येत नाही. माझ्या मते गोम इथेच आहे: या शब्दाला हालचाल लागते, आणि कुणी बघेल ही धाकधूक लागते. म्हणून कॅमेरा छुपा असतो, चोरटा नसतो.

नुसता ‘चोर’ समासात पुढे लागला की मात्र जागच्या जागी असलेल्या वस्तूंनाही चालतो, तोही बट्टा न लावता. चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा. रायगडावरची चोरदिंडी (तटातला छोटा गुप्त दरवाजा) काही चोरांसाठी बांधलेली नव्हे. आणि चोरखिसा तर चोरापासून वाचायलाच शिवतात. ‘अंग चोरणं’ आणखी फसवं: अंग चोरून बसणारा संकोची, अंग चोरून काम करणारा कामचुकार.

परवा एका कथेत काकांचा ‘चोरटा स्वभाव’ आला. पुढची चार पानं हे काका आरामखुर्चीत निवांत बसलेले, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणारे, आणि जमिनीच्या व्यवहाराबद्दल ताकास तूर लागू न देणारे. यात चोरटं काय आहे? मी समासात ‘आतल्या गाठीचे?’ असं लिहून पान परत पाठवलं. लेखकाने प्रश्नचिन्ह तेवढं खोडलं.