काढलेला प्रोग्राम नाव मागे ठेवून गेला होता

विंडोज एक्सपीचे दिवस. ऑफिसातले संगणक सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी आल्या आल्या ट्रेनिंग विभागाच्या मॅडमचा फोन : "अहो, माय कॉम्प्युटरमध्ये सीडी ड्राइव्हच दिसत नाहीये. आज संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंगच्या अकरा सीड्या पाठवायच्यात."

आधी केबल काढून पुन्हा बसवली, मग दुसऱ्या मशीनचा चांगला चालणारा ड्राइव्ह लावून पाहिला. तोही दिसेना. तासभर त्यातच गेला. खरं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होऊन हार्डवेअर ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये, ड्राइव्हचं नाव व्यवस्थित येत होतं, म्हणजे बिघाड हार्डवेअरचा नाही हे तिथेच समजायला हवं होतं. शेवटी संगणकाच्या भागांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला. ड्राइव्हवर पिवळं उद्गारचिन्ह, आत कोड 39, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा छोटा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, विंडोजला लोड करता येत नाहीये.

"काल काही टाकलंत का यावर?"

"जुना सीडी राइट करायचा प्रोग्राम काढला आणि गाणी ऐकायला नवा प्लेअर टाकला. एवढंच."

एवढंच पुरतं. सीडी राइट करणारे प्रोग्राम आणि तशी सोय असलेले प्लेअर, यांतले बरेच जण ड्राइव्हच्या वाटेवर आपापला फिल्टर ड्रायव्हर बसवतात. ड्राइव्हकडे जाणारा हुकूम त्याच्यातून जातो. या ड्रायव्हरांची नावं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 4डी36ई965 ने सुरू होणाऱ्या की-मध्ये (की म्हणजे तिथला फोल्डरच), अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदींत असतात. प्रोग्राम काढताना फाइल जाते आणि कधीकधी नाव तसंच राहतं. मग विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधतं, तो सापडत नाही, आणि धडधाकट ड्राइव्ह सुरूच होत नाही.

अप्परफिल्टर्समध्ये दोन नावं होती. सिस्टम32 मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये एकाचीच फाइल सापडली. आधी ती की एक्सपोर्ट करून, म्हणजे तिची प्रत फाइलमध्ये काढून ठेवली, मग बिनफाइलीचं नाव तेवढं पुसलं. बरेच जण दोन्ही नोंदी सरसकट उडवतात. त्यानंही ड्राइव्ह परत येतो, पण उरलेल्या प्रोग्रामचं राइटिंग बंद पडतं आणि तो पुन्हा टाकावा लागतो. आणि कृपा करून की नीट वाचून घ्या : अप्परफिल्टर्स नावाची नोंद कीबोर्डच्या की-मध्येही असते. ती उडवली तर रीस्टार्टनंतर पासवर्डसुद्धा टाइप करता येत नाही.

मशीन रीस्टार्ट केलं आणि ड्राइव्ह आला. मग राइट करायला बाकी मशीनवर असलेला आमचा नेहमीचा प्रोग्राम टाकला. पहिली सीडी मात्र अर्ध्यात फुकट गेली. घड्याळाशेजारी तो प्लेअर जागा होता आणि ब्लँक सीडी आत जाताच दोघेही तिच्यावर हक्क सांगत होते. प्लेअरचं आपोआप सुरू होणं बंद केलं, सीडी घालताच आपोआप काहीतरी उघडणारं ऑटोप्ले बंद केलं, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबवर विंडोजच्या स्वतःच्या राइटिंगची खूणही काढली. मॅडमना म्हटलं, "प्लेअरवर खुशाल ऐका, पण राइट याच एका प्रोग्राममधून करायचं." स्पीड 16 वर आणला आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलंय का ते तपासणं, चालू ठेवलं.

अकरावी सीडी व्हेरिफाय होऊन बाहेर आली तेव्हा पावणेसात झाले होते. मॅडम मार्करने सीड्यांवर नंबर घालत होत्या. तो प्लेअर शेजारच्या मशीनवरही दिसला, म्हणून मी तिथली अप्परफिल्टर्सची नोंद उघडून बसलो होतो.