पुणे ते कोल्हापूर, दिवसाउजेडी: कोयनेचा प्रवास आणि मधल्या गावांचं मागणं

पुण्याहून कोल्हापूरला जायचं म्हटलं की लोक एसटी नाहीतर खासगी बस सुचवतात. घाई असेल तर ते बरोबरच आहे. रस्त्याने अंतर साधारण २३० किलोमीटर, रुळावरून ३२७. महामार्ग खंबाटकी घाट ओलांडून सरळ दक्षिणेला उतरतो. रेल्वे घोरपडीहून फुरसुंगी, जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून मोठा वळसा घेत साताऱ्याला येते. शंभरेक किलोमीटरचा हा फरक आहे, इंजिन कितीही चांगलं लावलं तरी तो पुरता भरून निघत नाही.

मग रेल्वेने का जायचं? मी या मार्गावरचा नेहमीचा प्रवासी, पण माझं उतरण्याचं स्टेशन किर्लोस्करवाडी. पुढे सांगली, फार तर मिरज. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मात्र कोयना एक्स्प्रेसने थेट कोल्हापूरपर्यंत गेलो, खिडकीशी बसून. जे लिहितोय ते त्या प्रवासाचं आणि या मार्गाबद्दल मनात बरीच वर्षं साठलेलं.

कोयना सकाळी मुंबईहून निघते, पुण्याला दुपारी येते आणि कोल्हापूरला रात्री आठनंतर पोचते. पुण्यातून बसायचं असेल तर आरक्षण केलेलंच बरं. ते ६० दिवस आधी उघडतं. सणांच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. जनरल डब्यातून जाणार असाल तर तिकीट मोबाइलवर काढा, खिडकीवरची रांग वाचते. गाडी मुंबईहूनच भरून येते, त्यामुळे पुण्यात उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या. त्यांच्याच जागा तुम्हाला मिळणार असतात.

फुरसुंगी मागे पडलं की शिंदवण्याचा घाट लागतो. पावसाळा सरता सरता हा पट्टा पाहावा. डोंगर हिरवे, ओढे वाहते, आणि गाडी इतकी सावकाश चढते की दरवाजात जायची गरजच पडत नाही. घाटात दरवाजात उभं राहू नका, बोगदे अचानक येतात. वर आलं की पुरंदरचं पठार. सीताफळांचा हंगाम होता, स्टेशनवर पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. इथलं सीताफळ आणि अंजीर खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. जेजुरीला गड गाडीतूनच दिसतो. सोमवती अमावस्येला किंवा चंपाषष्ठीला या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, हे तारीख ठरवताना लक्षात ठेवा.

नीरा आणि लोणंद ही वारीच्या वाटेवरची गावं. माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घातलं जातं आणि पालखी लोणंदला मुक्कामाला येते. लोणंदहून फलटणचा रेल्वे फाटा २०१९ साली सुरू झाला. पुढे सालपे, आदर्कीचा दुसरा घाट आणि मग वाठार. या गावाचं नावच वाठार स्टेशन. तसंच पुढे भिलवडी स्टेशन. रेल्वे आली आणि तिच्याभोवती वस्ती झाली, अशी ही ठिकाणं.

या मार्गाबद्दल मला जे सांगायचंय ते इथेच आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती रुळाच्या कडेला. प्रभाकर कंदील घरोघरी पोचवणारा ओगल्यांचा काच कारखाना ज्या ओगलेवाडीत होता, तिथेच कराडचं स्टेशन आहे. चितळ्यांची डेअरी भिलवडी स्टेशनला. महामार्गाने या गावांना काही दिलं नाही, तो पश्चिमेकडून निघून गेला. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, ताकारी या पट्ट्यातल्या माणसाला रेल्वे हाच हक्काचा रस्ता. आणि नव्या गाड्यांचा विचार होतो तेव्हा मात्र नजरेसमोर फक्त पुणे आणि कोल्हापूर अशी दोन टोकं असतात.

सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस धावते. सव्वापाच तासांच्या आसपास पोचवते. चांगली गाडी आहे, परवडत असेल तर जरूर जा. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज एवढे थांबे तिला आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण रहिमतपूरच्या शेतकऱ्याला किंवा ताकारीच्या विद्यार्थ्याला तिचा काय उपयोग? त्याला हवी आहे सकाळी वेळेवर निघणारी आणि संध्याकाळी घरी आणून सोडणारी साधी पॅसेंजर. कृष्णाकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यासाठी मिरजेला जातात. वानलेस हॉस्पिटल तिथे १८९४ पासून आहे. सत्तरीच्या आजीला एसटीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा पॅसेंजरचा बाक सोयीचा. कोविडच्या काळात कमीत कमी भाडं ३० रुपये झालं होतं, २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा १० वर आलं. तेव्हा आमच्या डब्यात लोकांनी अक्षरशः पेढे वाटले. फेऱ्या मात्र अजून अपुऱ्या आहेत.

रूळ नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. पूर्वी हा सगळा मार्ग मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता, १९७१ च्या सुमारास तो रुंद रुळांचा, ब्रॉडगेज झाला. नंतरची जवळपास पन्नास वर्षं एकेरी रूळ. एखाद्या आडस्टेशनवर समोरची गाडी येईपर्यंत ताटकळणं आम्ही प्रवासाचा भागच मानत होतो. आता पुणे ते मिरज या २८० किलोमीटरच्या टप्प्यात दुसरा रूळ पडला, वर विजेची तारही आली. यावेळी सातारा ते सांगली या पट्ट्यात क्रॉसिंगसाठी गाडी जवळपास थांबलीच नाही, फार बरं वाटलं. मग ही मोकळी झालेली जागा कोणासाठी वापरायची, हा खरा प्रश्न. मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या धावाव्यातच, पण सातारा-मिरज पट्ट्यात दर दोन-तीन तासांनी एक मेमू (विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी) चालवायला आता रूळ अपुरा पडतो असं म्हणता येणार नाही. कोविडआधी मुंबईपर्यंत जाणारी सह्याद्री एक्स्प्रेसही २०२३ साली पुन्हा निघाली ती पुण्यापासूनच. ती मुंबईपर्यंत जायला हवी.

मिरज ते कोल्हापूर हे ४७ किलोमीटर अजून एकेरीच. १८९१ साली कोल्हापूर संस्थानाने हा फाटा सुरू केला, शाहू महाराजांच्या काळात. टर्मिनसला त्यांचंच नाव आहे. अंकलीला कृष्णेचा पूल ओलांडला की जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. अंतर थोडं, वेळ जास्त. घाई असेल तर मिरजेला उतरून एसटी पकडण्याचा पर्याय कायम डोक्यात ठेवा.

उतरण्याबद्दल महत्त्वाचं. सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी करा किंवा कोणाला तरी घ्यायला बोलवा. कराडचं तेच, ओगलेवाडीहून गावात जायला वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) मिळतं, पण उशिरा त्याचा भरवसा नाही. किर्लोस्करवाडीला उतरून पलूस जवळ. कोल्हापूरचं स्टेशन मात्र भर गावात, मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आणि अंबाबाईचं देऊळ रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. गाडी रात्री पोचते, त्यामुळे मुक्काम स्टेशनजवळच ठरवा.

खाण्यापिण्याचं: डब्यात फेरीवाले येतात, पण साताऱ्यानंतर भरवशाचं जेवण मिळेल असं धरू नका. भाकरी-चटणी घरून घ्या. पाण्याची बाटली मिरजेला भरून घ्यायला वेळ मिळतो, गाडी तिथे बऱ्यापैकी थांबते.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पंचगंगेची पातळी पाहून निघा. रुकडीजवळच्या पुलाशी पाणी चढलं की मिरज-कोल्हापूर वाहतूक बंद करतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तशी वेळ आली होती. २०१९ ला तर शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता, त्यामुळे मिरजेला उतरून बस पकडण्याचा पर्यायही राहिला नव्हता. अशा दिवसांत तिकीट मिरजेपर्यंतचं काढा, सांगली-मिरजेत कोणी ओळखीचं असेल तर त्यांना आधी कळवून ठेवा, आणि कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याजवळ मोजली जाणारी पंचगंगेची पातळी उतरायला लागल्याची बातमी आली की मगच पुढे निघा.