फ्लॉरेन्स: चामड्याची खरेदी आणि राजाराम महाराजांची छत्री

इटलीतले फ्लॉरेन्स हे पायी हिंडण्याचे शहर आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून बाहेर पडले, की दहा-बारा मिनिटांत दुओमोचा, म्हणजे इथल्या मुख्य चर्चचा, घुमट समोर येतो आणि तिथून आर्नो नदीही फार लांब नाही. म्युनिकला राहणारी माझी ताई रेल्वेने आली, मी रोमहून पोहोचले आणि मनसोक्त चालायचे व चामड्याची एक चांगली पिशवी घ्यायची, एवढेच आम्ही ठरवले होते. उफीत्झी हे कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालत नाही. गर्दीविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. पोंते वेक्यो हा १३४५ साली बांधलेला पूल. १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला याने तिथल्या खाटकांना हलवून सोनारांना जागा दिली आणि आजही तिथे सोनारांचीच दुकाने आहेत. पण दुपारी त्या पुलावर इतकी दाटी होती, की एकाही दुकानासमोर उभे राहून दागिना नीट पाहता आला नाही. सकाळी आठच्या आधी गेल्यास पूल मोकळा मिळतो, पण तेव्हा दुकाने बंद असतात.

व्हिया तोर्नाबुओनी हा इथला श्रीमंत रस्ता. फेरागामो या पादत्राणांच्या नामवंत कंपनीचे दुकान आणि संग्रहालय ज्या वाड्यात आहे, तो स्पिनी फेरोनी वाडा मध्ययुगीन आहे आणि गुच्ची या फॅशनच्या कंपनीचा जन्म १९२१ साली याच शहरात झाला. या रस्त्यावर काही विकत घेणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते, तरी काचेपलीकडच्या वस्तू आम्ही बराच वेळ न्याहाळल्या. शिवण, कडा, बंद यांत कुठेही घाई दिसत नाही आणि चांगले काम कसे असते हे डोळ्यांना एकदा कळले, की पुढची खरेदी सोपी होते.

सान लोरेन्झोच्या बाजाराने मात्र माझी निराशा केली. टपऱ्यांमागून टपऱ्या, सगळीकडे त्याच पिशव्या, तेच पट्टे. एका दुकानदाराने मी नको म्हणत असतानाही पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली, चामडे खरे आहे हे पटवण्यासाठी तिच्याजवळ लायटर पेटवून धरला आणि मी निघाले तशी किंमत निम्म्यावर आणली. जी वस्तू क्षणात निम्म्या किमतीला मिळते, तिच्या पहिल्या किमतीवर माझा विश्वास बसत नाही. ताईने माझा हात धरून मला बाहेर काढले.

आम्हाला हवे होते ते सांता क्रोचे या चर्चच्या मागे सापडले. १९५० साली तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी गोरी आणि कासिनी या चर्मव्यवसायातल्या दोन घराण्यांच्या साहाय्याने, दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या मुलांना हाताला काम मिळावे म्हणून, एक शाळा काढली. ती ‘स्कुओला देल कुओयो’, म्हणजे चर्मकलेची शाळा, आजही चालू आहे. साधूंच्या जुन्या वास्तूतल्या लांब कमानदार ओवरीत कारागीर टेबले मांडून बसलेले असतात आणि पाहणाऱ्याला कुणी हटकत नाही. एक बाई एका वहीच्या वेष्टनावर सोन्याची नक्षी उमटवत होत्या. पितळी ठसा आचेवर तापवायचा, त्याची धग अचूक आहे याची खात्री करायची, सोन्याचा वर्ख चामड्यावर ठेवायचा आणि मनगट जराही न हलवता ठसा दाबायचा. धग कमी पडली तर सोने धरत नाही आणि जास्त झाली तर चामडे करपते. जादा वर्ख त्यांनी मऊ फडक्याने पुसला आणि बारीक वेलबुट्टी लखलखून वर आली. शेजारचा तरुण एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून पट्टा शिवत होता. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते, त्यामुळे एक टाका तुटला तरी उरलेली शिवण उसवत नाही, हे त्याने आम्हाला दाखवून समजावले.

माझे माहेर कोल्हापूरचे, त्यामुळे दोऱ्याला मेण लावणारे हात माझ्या ओळखीचे आहेत. तिथल्या पेठेत आरीने भोके पाडून वादी ओवणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिले आहेत. टस्कनीतले, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातले, पारंपरिक चामडे झाडांच्या साली-लाकडातल्या टॅनिनने कमावतात. आपल्याकडे कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. दोन्ही ठिकाणी झाडपाला आणि वेळ हेच भांडवल आहे. फरक मिळणाऱ्या मानात आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला आणल्या तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्यांनी या प्रेरणेची कबुली दिली. सांता क्रोचेच्या त्या ओवरीत कारागीर गिऱ्हाइकासमोर बसतो, त्याच्या कामाकडे लोक आदराने पाहतात आणि त्याने सांगितलेल्या किमतीवर घासाघीस होत नाही. आपल्या चर्मकारांच्या वाट्याला हे का येऊ नये, या विचाराने मी खरोखर अस्वस्थ झाले. तपकिरी रंगाची पिशवी तिथेच घेतली आणि तिच्यावर नावाची आद्याक्षरे उमटवून घेतली.

मंगळवारी सकाळी आम्ही काशिने उद्यानात गेलो. आर्नोच्या उजव्या काठाने काही किलोमीटर पसरलेल्या या उद्यानात दर मंगळवारी मोठा आठवडी बाजार भरतो आणि तो पर्यटकांपेक्षा गावातल्या लोकांचा आहे. आजीबाई चाकांची पिशवी ओढत चीज आणि भाजी घेत होत्या, कपड्यांच्या ढिगातून बायका मन लावून निवड करत होत्या. ताईने लोकरीचा मफलर घेतला, मी सुती टेबलक्लॉथ. इथे कुणी खांद्यावर काही अडकवले नाही.

बाजार संपतो तिथून बहुतेक लोक परत फिरतात. आम्हाला उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला जायचे होते. नदी डावीकडे ठेवून, उंच झाडांच्या सावलीतून अडीच-तीन किलोमीटरची ती वाट पुढे जाते. धावणारे, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे सोडले तर तिथे कुणी नव्हते. शेवटी मुन्योने नावाचा लहानसा प्रवाह आर्नोला मिळतो आणि त्या संगमाजवळ, कुंपणाच्या आत, चार खांबांवर घुमट तोललेली एक छत्री उभी आहे. छत्रीखाली रंगवलेला अर्धपुतळा आहे: सावळा, कोवळा चेहरा, डोक्याला पागोटे, अंगावर दागिने. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८७० साली, समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जात असताना, हा तरुण राजा इंग्लंडला गेला. तिथल्या संस्था पाहिल्या, राणी व्हिक्टोरियाला भेटला आणि रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत राहिला. ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विशीत, त्यांचे निधन झाले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि प्रेत जाळण्याची तिथे रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींनी दोन पाण्यांचा संगम मागितला आणि नगरपालिकेने खास परवानगी दिली. काशिनेच्या या टोकाला, रात्रीच्या वेळी, हिंदू विधीने त्यांचे दहन झाले. पुढे १८७४ मध्ये हे स्मारक उभे राहिले. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकारही हेच मँट. लहानपणी ज्या राजवाड्याच्या आवारात आम्ही हरणे पाहायला जायचो, त्याचा आणि या छत्रीचा आराखडा एकाच माणसाने केला, हे तिथे उभे असताना प्रथमच ध्यानात आले.

आमचे वडील राजाराम कॉलेजात शिकले. ज्यांच्या नावाचे हे कॉलेज, ते राजे परमुलखात वारले, एवढेच घरी कधीतरी कानावर पडलेले. चबुतऱ्यावर इंग्रजी आणि इटालियनसह वेगवेगळ्या भाषांत कोरलेला मजकूर ताईने मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता तिचा आवाज भरून आला. आपले माणूस नाही, आपला धर्म नाही, आपली रीत नाही, तरी या शहराने एका परक्या मुलाच्या अंत्यविधीला जागा दिली आणि जवळच्या केबलांवर तोललेल्या मोठ्या पुलालाही ‘पोंते आल्ल’इंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल, असे नाव ठेवले. दुकानातल्या कुठल्याही आतिथ्यापेक्षा मला हे मोठे वाटते. जाताना फुले न्यायला हवी होती, असे ताई म्हणाली. बाजारात ती होतीही.

महाराष्ट्रातून इटलीला येणाऱ्या सहलींविषयी माझी तक्रार आहे. फ्लॉरेन्समध्ये त्या चामड्याच्या शोरूममध्ये हमखास थांबतात, पण छत्रपतींच्या या छत्रीकडे फारसे कुणी वळत नाही. स्टेशनाजवळून टी-१ ट्रामने काशिनेच्या थांब्यावर उतरावे. मंगळवार असेल तर बाजार दुपारी दोनच्या सुमारास उठतो, म्हणून खरेदी आधी उरकावी, तिथेच फुले घ्यावीत आणि नदीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे चालत राहावे.